दारू सोडायची प्रतिज्ञा आहे, सोडवणारी वस्ती कुठे आहे?

दरवर्षी १५ आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूरची दीक्षाभूमी माणसांनी फुलून जाते. नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ ला धम्मदीक्षा दिल्यावर दोनच दिवसांनी बाबासाहेब चंद्रपूरला आले आणि १६ ऑक्टोबरला इथल्या माणसांना त्यांनी दीक्षा दिली. बावीस प्रतिज्ञा या मातीवर उच्चारल्या गेल्या. दारू न पिण्याची प्रतिज्ञा त्यातच आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही तिथे पुस्तकांच्या स्टॉलवर बसलो होतो. सकाळी सामुदायिक प्रतिज्ञा सुरू असताना पांढरा सदरा घातलेला, पन्नाशीकडे झुकलेला एक माणूस आमच्यासमोरच उभा होता. सगळ्या प्रतिज्ञा त्याला तोंडपाठ होत्या. फक्त जोडलेले हात थरथरत होते. दुपारी तोच माणूस मैदानामागच्या रस्त्यावर पडलेला दिसला. आमच्यातला एक जण म्हणाला, "पाहा, सकाळी प्रतिज्ञा अन् दुपारी बाटली. असल्या लोकायनंच समाज बदनाम होते." आम्ही हसलो. कुणी त्याला उचललं नाही. आम्हीही नाही.

त्या हसण्याची लाज आम्हाला नंतर वाटली, घरातलाच एक माणूस तसा पडलेला पाहिल्यावर. सकाळी थरथरणारे ते हात ढोंगी माणसाचे नव्हते, आजारी माणसाचे होते. रोज दारू पिणाऱ्याला रात्रभर दारू मिळाली नाही की सकाळी हात असेच कापतात. तो सकाळी मनापासून प्रतिज्ञा म्हणत होता आणि दुपारपर्यंत त्याचं शरीर हरलं होतं. प्रतिज्ञा त्याच्याकडे होती. उपचार नव्हता. आणि उपचार त्याच्यापर्यंत पोचवणं हे ज्यांचं काम, ते आम्ही कार्यकर्ते स्टॉलवर बसून हसत होतो.

हा लेख त्याबद्दल आहे. दारू वाईट आहे हे आम्ही इथे सांगणार नाही, ते वस्तीतल्या प्रत्येक बाईला आमच्यापेक्षा जास्त कळतं. दारूत अडकलेल्या माणसाला कुठे न्यायचं, कुठे न्यायचं नाही, आणि परत आल्यावर त्याला टिकवायचं कसं, हा प्रश्न आहे. आमचं म्हणणं असं की हा प्रश्न चळवळीचा आहे, आणि चळवळीने तो आजवर एकेका बाईच्या डोक्यावर टाकून दिला आहे.

बंदी की खुली, या भांडणात रुग्ण हरवला

आपल्या दोन जिल्ह्यांइतकी दारूवर चर्चा महाराष्ट्रात क्वचितच कुठे झाली असेल. गडचिरोलीत लोकांच्या आंदोलनातून १९९३ मध्ये जिल्हाबंदी आली, ती आजही आहे. चंद्रपूरच्या बाया त्यानंतर वर्षानुवर्षं लढल्या. डिसेंबर २०१० मध्ये पारोमिता गोस्वामी आणि श्रमिक एल्गारच्या नेतृत्वाखाली हजारो बाया चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनापर्यंत पायी चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपुरात बंदी लागू झाली. २७ मे २०२१ ला मंत्रिमंडळाने ती उठवली आणि जुलैमध्ये दुकानं पुन्हा उघडली.

या सगळ्या काळात दोन बाजू जोरात बोलत होत्या. एक म्हणत होती, बंदी हवी. दुसरी म्हणत होती, बंदीमुळे अवैध दारू वाढली, महसूल बुडाला. आमची सहानुभूती चालत गेलेल्या बायांकडे होती आणि आहे. पण दोन्ही बाजूंना एक साधा प्रश्न विचारायला हवा. १ एप्रिल २०१५ च्या सकाळी ज्याचे हात थरथरले, त्याच्यासाठी तालुक्याच्या दवाखान्यात काय होतं? आणि २०२१ मध्ये दुकानं उघडली, तेव्हा सहा वर्षांत कसाबसा सुटलेला जो माणूस त्या दुकानासमोरून कामावर जात होता, त्याच्यासाठी काय केलं? बंदी आणताना रुग्णाचा विचार पुरेसा झाला नाही, उठवताना तर झालाच नाही.

बंदीचं महत्त्व आम्ही कमी करत नाही. दुकान दूर गेलं की नवी पोरं लागण्याचं प्रमाण घटतं, बाईच्या हातात चार पैसे जास्त राहतात. पण ज्याच्या शरीराला दारू लागली आहे, त्याला बंदी बरं करत नाही. तो जास्त पैसे मोजून, जास्त विषारी दारू, जास्त लांबून आणतो.

आंबेडकरी माणसाने इथे बाबासाहेबांचीच भूमिका नीट वाचावी. १९५१ च्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या निवडणूक जाहीरनाम्यात विकासासाठी पैसा उभा करण्याचे जे मार्ग दिले आहेत, त्यात दारूबंदी रद्द करणं हा एक मार्ग आहे. सरकारने बंदीपायी महसूल बुडवू नये, असं तिथे स्पष्ट मत आहे. आणि पाचच वर्षांनी, १९५६ मध्ये, तेच बाबासाहेब आपल्या लोकांना दारू न पिण्याची प्रतिज्ञा देतात. काही जणांना यात विसंगती दिसते. आम्हाला दिसत नाही. सरकारी हुकूम हा एक विषय आहे आणि माणसाने, समूहाने स्वतःला आतून बदलणं हा दुसरा. दारू सोडणं हे काम बाबासाहेबांनी पोलिसांवर सोपवलं नाही, धम्मावर सोपवलं. म्हणजे कोणावर? आपल्यावर. मग गेल्या जवळपास सत्तर वर्षांत आपण त्याची यंत्रणा कुठे उभी केली?

आजारी भिक्खूची गोष्ट

विनयपिटकातला एक प्रसंग आपल्या धम्मवर्गांत नेहमी सांगितला जातो. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच घाणीत पडला होता. बाकीचे भिक्खू त्याच्याकडे पाहत नव्हते. का, तर तो त्यांच्या काही कामाचा नव्हता. भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला लावलं, दोघांनी मिळून त्याला धुतलं, उचलून खाटेवर निजवलं. मग संघाला एकत्र करून विचारलं की तुम्हीच एकमेकांची काळजी घेतली नाही तर कोण घेणार?

ही गोष्ट ऐकताना आपण माना डोलावतो. त्याच संध्याकाळी विहाराच्या ओट्याखाली एखादा पडलेला दिसला तर म्हणतो, "याला इथून हाकला." पडलेल्याच्या तोंडाला दारूचा वास आला की तो आजारी राहत नाही, पापी होतो. हा पापाचा विचार आपला नाही. कर्माची फळं, नशिबाचे भोग, खालच्या जातीचं व्यसनी रक्त, ही भाषा ज्यांनी आपल्यासाठी तयार केली, त्यांची ती देणगी आहे. आपण ती आपल्याच माणसावर वापरतो.

दारू सवर्णाच्या बंगल्यातही आहे. फरक इतकाच की तो कोसळला तर नागपूरच्या खासगी दवाखान्यात 'लिव्हरचा पेशंट' म्हणून भरती होतो. आपला माणूस कोसळला तर 'बेवडा' म्हणून नालीत राहतो. कोळसा खाणीत, वीटभट्टीवर, ट्रकवर, धान कापणीवर अंग मोडून कमावणाऱ्याला संध्याकाळी अंगदुखीचं औषध म्हणून दारू मिळते, आणि डॉक्टर मात्र मिळत नाही. ही विषमता आहे, ती विषमता म्हणूनच मांडली पाहिजे.

आकडाच पाहा. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेलं राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ मध्ये आलं. त्यानुसार देशात १० ते ७५ वयोगटातले सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. दारूवर पूर्ण अवलंबून झालेल्या ३८ माणसांपैकी केवळ एकाला कसला तरी उपचार मिळाल्याचं त्यात आढळलं. ३८ मध्ये एक! आणि तो एक चंद्रपूरच्या खाणीतला किंवा धानोऱ्याच्या जंगलातला असण्याची शक्यता किती, हे तुम्हीच ठरवा.

आमच्या दादाची गोष्ट

आमचा एक चुलतभाऊ आहे. भीमजयंतीला लेझीम पथक तोच बसवायचा. शिकवणी न लावता आम्ही बारावी झालो ती त्याने आणून दिलेल्या जुन्या पुस्तकांवर. पुढे आम्ही समाजशास्त्रात एम. ए. केलं आणि व्यसनाच्या सामाजिक कारणांवर छान निबंध लिहिला. त्याच काळात दादा सकाळी उठल्याबरोबर प्यायला लागला होता, आणि आम्हाला काय करावं ते कळत नव्हतं.

घरच्यांनी आधी जे सगळीकडे होतं ते केलं. बाबासाहेबांच्या फोटोवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. शपथ चार दिवस टिकली. मग कुणीतरी जाहिरातीतली पुडी आणली, 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' वाली. वहिनीने ती भाजीत घातली. संध्याकाळी दादा पिऊन आला, उलट्या सुरू झाल्या, छाती धडधडायला लागली, डोळे पांढरे झाले. रात्री त्याला कसाबसा दवाखान्यात पोचवला, वाचला. पुडीत काय होतं हे कुणालाच कळलं नाही. पण दारूची चीड आणणारं डायसल्फिराम नावाचं खरं औषधसुद्धा माणसाच्या नकळत द्यायचं नसतं. ते पोटात असताना दारू प्याली तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. डॉक्टर ते रुग्णाला सगळं समजावून, त्याच्या संमतीनेच देतात.

त्यानंतर पैसे उसने घेऊन त्याला एका खासगी केंद्रात टाकलं. 'टाकलं' हाच शब्द खरा आहे. रात्री चार जण गाडी घेऊन आले आणि उचलून घेऊन गेले. तीन महिने भेट नाही, फोन नाही. परत आला तेव्हा पाठीवर वळ होते. तिथे डॉक्टर आठवड्यातून एकदाही दिसला नाही, सकाळी भजन आणि दिवसभर झाडझूड, एवढाच उपचार, असं त्याने फार नंतर सांगितलं. सुटल्या दिवशी बसस्टँडवरच प्याला. नातेवाईक म्हणाले, "एवढे पैसे घातले, तरी सुधरला नाही." आम्ही म्हणतो, सुधारायला तिथे होतं काय?

केंद्र निवडताना विचारायचे प्रश्न

दादाच्या पाठीवरच्या वळांनी आम्हाला जे शिकवलं, ते इथे लिहितो. कुणाला भरती करण्याआधी हे प्रश्न विचारा. उत्तर देताना समोरचा चिडला, तर तेच उत्तर समजा.

पहिला प्रश्न, नोंदणी आहे का? मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या व्याख्येत दारू आणि ड्रग्जच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक स्थिती येतात. अशा रुग्णांना ठेवून उपचार करणाऱ्या संस्थेची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. नोंदणीचा कागद भिंतीवर आहे का ते बघा.

दुसरा, मानसोपचारतज्ज्ञ कोण आणि कधी येतात? नाव विचारा, वार विचारा. पहिले काही दिवस डॉक्टरशिवाय काढणं जिवावर बेतू शकतं. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक बंद केलं की काही तासांत थरथर, घाम, उलट्या सुरू होतात. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, माणूस कुणालाही ओळखत नाही. गावात याला 'बाहेरचं लागलं' म्हणतात आणि मांत्रिकाकडे नेतात. बाहेरचं काही नाही, मेंदू दारूशिवाय गडबडला आहे. याला औषध आहे, आणि वेळेत मिळालं नाही तर माणूस मरतो. म्हणून "उद्यापासून एकदम बंद" अशी मर्दुमकी कुणाला करायला लावू नका. आधी डॉक्टर. आणि मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या आणून घरीच प्रयोग करू नका.

तिसरा, रुग्णाची संमती घेता का? रात्री उचलून नेणं हा उपचार नाही. माणूस स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल तर कायद्याने वेगळी पद्धत दिली आहे. त्यात दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं, त्यापैकी एक मानसोपचारतज्ज्ञ. साखळीने बांधणं कायद्याने बंद आहे. मारहाण हा तर सरळ गुन्हा आहे.

चौथा, भेट आणि फोन मिळतो का? जे केंद्र तीन महिने घरच्यांना तोंड दाखवू देत नाही, ते काहीतरी लपवतं.

पाचवा, बायकोशी, आईशी कोण बोलणार? दारू एकटा पितो, आजार सगळं घर भोगतं. कुटुंबाचं समुपदेशन नसेल तर निम्मा उपचार बाकी आहे.

सहावा आणि सगळ्यात महत्त्वाचा, घरी गेल्यावर पुढे काय? पाठपुरावा किती महिने, कुठे, कोण करणार? 'शंभर टक्के गॅरंटी' म्हणणाऱ्याला जयभीम घालून परत या. या आजारात गॅरंटी देणारा एकतर अडाणी असतो किंवा लुटारू.

जायचं कुठे? सुरुवात सरकारी दवाखान्यातून करा. चंद्रपूरचं वैद्यकीय महाविद्यालय, दोन्ही जिल्ह्यांची जिल्हा रुग्णालयं, तिथे मानसोपचार विभागाची ओपीडी मागा. हक्काने मागा, तो आपल्या करातून चालतो. गडचिरोलीत २०१६ पासून राज्य सरकार, डॉ. अभय बंग यांची 'सर्च' ही संस्था आणि टाटा ट्रस्ट यांचं 'मुक्तिपथ' अभियान आहे. ते गावसंघटना बांधतं आणि तालुक्याच्या ठिकाणी व्यसन उपचाराची क्लिनिकही चालवतं. म्हणजे माणसाला उपचारासाठी दोनशे किलोमीटर जावं लागू नये, हे तत्त्व आपल्या शेजारीच राबवलं गेलंय. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण आहे. रुग्णाला न मारता, न कोंडता, बरे झालेल्या माणसांनाच कार्यकर्ते करून केंद्र चालवता येतं, हे त्यांनी दाखवलं. कुठे जायचं हे सुचत नसेल तर १४४४६ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीसाठीचा मोफत फोन नंबर आहे. मन खचलं असेल, जीव नकोसा झाला असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा. हे दोन नंबर विहाराच्या फळ्यावर खडूने लिहून ठेवा, पुसू देऊ नका.

भरती व्हावंच लागतं असंही नाही. अनेकांना घरी राहून, ओपीडीतून औषध घेऊन सुटता येतं. ज्याला आधी झटके आलेत, ज्याला दुसरे आजार आहेत, ज्याच्या घरी सांभाळणारं कुणी नाही, त्याला भरती लागते. हे डॉक्टर ठरवतील. तलफ कमी करणारी औषधंही आहेत. ती घेणं म्हणजे 'एक व्यसन सोडून दुसरं' नव्हे, हे घरच्यांना समजावणं आपलं काम आहे.

सोडणं सोपं, सुटलेलं राहणं अवघड

दादा दुसऱ्यांदा सरकारी दवाखान्यातून सुटला. अकरा दिवसांत. मारहाण नाही, खर्चही फारसा नाही. पुढचे पाच महिने तो प्याला नाही. मग १४ एप्रिल आला.

मिरवणुकीत डीजे होता, डीजेमागे पोरांच्या हातात पाण्याच्या बाटल्या होत्या आणि त्यात पाणी नव्हतं. एका जुन्या मित्राने गळ्यात हात टाकला, "दादा, आज तर बापाचा वाढदिवस." दादा रात्री घरी आला नाही.

मित्रहो, हे आपलं पाप आहे. दुकानदाराचं नाही, सरकारचं नाही, मनुवाद्यांचं नाही. ज्या माणसाने दारू न पिण्याची प्रतिज्ञा दिली, त्याच्याच जयंतीत आपल्या सुटलेल्या माणसाला पुन्हा अडकवलं गेलं आणि मंडळाचे पदाधिकारी पाहत होते. निवडणुकीत वस्तीत पेट्या येतात, तेव्हाही आपल्यातलेच काही जण वाटायला असतात. ज्याच्या हातात मतदानाच्या आदल्या रात्री बाटली दिली, त्याच्या हातातून मत काढून घेतलं. हे राजकारण ज्याला कळत नाही त्याने शिका-संघटित व्हा-संघर्ष करा हे शब्द उच्चारू नयेत.

दादा तिसऱ्या दिवशी सापडला. तेव्हा वहिनीने जे केलं ते आम्हाला कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं. ती ओरडली नाही. आंघोळीला पाणी काढून दिलं आणि म्हणाली, "पाच महिने राहिले ना जी? पाच महिने राहता येते हे तर समजलं. चला दवाखान्यात."

पुन्हा पिणं म्हणजे सगळं वाया गेलं असं नसतं. या आजारात घसरण होते. साखरेच्या रुग्णाची साखर पुन्हा वाढली तर आपण त्याला विहारातून हाकलत नाही, औषध तपासतो. आणि यात धम्माला काही बाध येत नाही. पंचशीलातल्या प्रत्येक शीलाला 'शिक्षापद' म्हटलं आहे. शिक्षापद म्हणजे शिकण्याचा, सरावाचा नियम. ते देवाची आज्ञा नाही की मोडली की नरक. आपण पंचशील आयुष्यात एकदाच घेत नाही. प्रत्येक वंदनेला पुन्हा घेतो, कारण माणूस चुकतो हे बुद्धाला ठाऊक होतं. पाचव्या शिक्षापदात 'पमाद' हा शब्द आहे, म्हणजे बेसावधपणा. त्याच्या उलट अप्पमाद, सावध राहणं. सुटलेल्या माणसाचं रोजचं काम तेवढंच आहे, आजचा दिवस सावध राहणं.

पण एकटा माणूस सावध राहू शकत नाही. अमेरिकेत १९३५ मध्ये ॲक्रन शहरात दोन दारुडे, एक शेअर बाजारातला आणि एक डॉक्टर, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस उभी राहिली. तिचा मंत्र एवढाच की सुटू पाहणाऱ्याला सुटलेल्याची सोबत लागते. आपले काही जण तिच्याकडे नाक मुरडतात, तिच्या पायऱ्यांत देवाचं नाव येतं म्हणून. आक्षेप खोटा नाही. पण देव नको म्हणून सोबतही टाकून द्यायची का? तिथे अनेकांनी देवाच्या जागी गटालाच आधार मानलं. अमेरिकेत बुद्धाच्या विचारावर चालणारे व्यसनमुक्तीचे गटही निघाले आहेत. ज्यांच्याकडे संघाला शरण जाण्याची परंपरा आहे त्यांनी हे दुसऱ्याकडून शिकावं, ही आपल्यासाठी लाजेचीच गोष्ट आहे. तरी शिकू.

विहारातला शनिवार

आमच्या वस्तीत आता दर शनिवारी संध्याकाळी सात वाजता विहारात बैठक असते. शनिवार यासाठी की हप्त्याची मजुरी त्या दिवशी हातात येते आणि पाय दुकानाकडे वळतात. पहिल्या शनिवारी तीन जण आले, त्यात एक दादा. आज कधी नऊ असतात, कधी चार. प्रवचन नाही, उपदेश नाही. प्रत्येक जण हप्ता कसा गेला ते सांगतो. इथे ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही, हा एकच कडक नियम. घसरलेला येऊ शकतो, फक्त पिऊन बोलायचं नाही, मागे बसून ऐकायचं. बाजूच्या खोलीत त्यांच्या बायका बसतात. सुरुवातीला त्या रडायच्या, आता हसण्याचाही आवाज येतो. चहा आहे, खर्रा नाही. खर्रा सोडणं काहींना दारूपेक्षा जड गेलं, ते काम अजून चालू आहे.

आम्ही याला मोठं यश म्हणत नाही. दोघं परत गेले. एक जण वारला, त्याचं यकृत आधीच गेलं होतं. पण दादाला आता दोन वर्षं होत आलीत. मागच्या भीमजयंतीला मंडळाने ठरवलं की मिरवणुकीत प्यालेला कुणी दिसला तर त्याला मारायचं नाही, शिव्या द्यायच्या नाहीत. दोन कार्यकर्ते त्याला घरी पोचवतील आणि सोमवारी पुन्हा त्याच्या घरी जातील. लेझीम पथक दादानेच बसवलं.

हे प्रत्येक वस्तीत होऊ शकतं. त्याला निधी लागत नाही. एक खोली, एक सतरंजी, एक वार आणि न हसणारी चार माणसं लागतात. ज्या वस्तीत विहार नाही तिथे समाजमंदिर आहे, गोटुल आहे. गोंड, माडिया गावांत मोहाच्या दारूला पूजेत, लग्नकार्यात जागा आहे. ती संस्कृती बाहेरून जाऊन हिणवू नका. संविधान सभेत दारूबंदीवर चर्चा झाली तेव्हा जयपालसिंग मुंडांनी आदिवासींच्या वतीने हाच मुद्दा उठवला होता. पण विधीचा घोट वेगळा आणि सकाळचे थरथरणारे हात वेगळे, हे त्या गावातल्या बायांनाही नीट कळतं. पेसा कायद्याने १९९६ पासून अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी किंवा नियंत्रण घालण्याचा अधिकार दिला आहे. निर्णय त्यांचा, सोबत आपली.

आणि सरकारकडे मागणीही करायची. राज्याचं व्यसनमुक्ती धोरण २०११ चं आहे आणि ते काम सामाजिक न्याय विभागाकडे आहे. दारूचा पैसा मात्र उत्पादन शुल्क विभाग मोजतो. आमची मागणी साधी आहे. ज्या तालुक्यात दारूचा परवाना आहे, त्या तालुक्यात व्यसन उपचाराची ओपीडी हवी, आठवड्यातून किमान एक दिवस, औषधांसह. ज्या जिल्ह्यात बंदी आहे तिथेही हवी. राज्यघटनेचं कलम ४७ दारूबंदीचा उल्लेख करतं हे सगळे सांगतात, पण त्याच कलमात सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य म्हटलं आहे, हे वाक्य कुणी वाचत नाही. पुढच्या ग्रामसभेत हा ठराव घ्या. 'आडवी बाटली'चं मतदान जिथे करायचं तिथे जरूर करा, पण त्याच दिवशी दवाखान्याचाही अर्ज द्या.

येत्या १६ ऑक्टोबरला आम्ही पुन्हा दीक्षाभूमीवर असू. पुस्तकांच्या स्टॉलशेजारी या वेळी एक टेबल जास्त असेल. त्यावर दोन फोन नंबर, ओपीडीचे वार आणि पिण्याचं पाणी असेल. टेबलामागे दादा बसणार आहे. प्रतिज्ञा म्हणताना कुणाचे हात थरथरताना दिसले, तर हसू नका. त्याला आमच्याकडे घेऊन या.

जयभीम.